प्लेगच्या कायद्यात टिळकांना नेमकं काय खटकत होतं?

2020 मध्ये कोरोना आला तेव्हा सोलापूरसह राज्यभर जो कायदा लागू झाला, तो होता 1897 चा साथरोग कायदा. तो आला तेव्हा लोकमान्य टिळक 40 वर्षांचे होते आणि कायदा शिकलेले होते.

कलमं फक्त चार. एकाने सरकारला हवे ते नियम करायची मुभा दिली. दुसऱ्याने सद्हेतूने काम करणाऱ्यावर खटलाच भरता येणार नाही, असं ठरवलं. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांचे गोरे सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, तेव्हा दाद मागायची कुठे?

टिळकांचा विलगीकरणाला विरोध नव्हता. इथेच अनेकांची गल्लत होते. ते पुण्यातच राहिले, हिंदू प्लेग रुग्णालयासाठी झटले. राग झडतीच्या पद्धतीवर होता आणि तो ‘केसरी’त उतरत होता.

22 जूनला दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. जुलैत टिळकांना अटक झाली, पण राजद्रोहाखाली. शिक्षा 18 महिने सक्तमजुरी. सप्टेंबर 1898 मध्ये, मुदतीआधीच ते सुटले.

2020 मध्ये कायदा बदलला, तो आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी. खटल्यापासून संरक्षण देणारं ते कलम तेव्हाही तसंच राहिलं.