एलिफंट बिल : हत्तींच्या मातृत्वाचा साक्षीदार

ब्रह्मदेशचा अखेरचा राजा थिबा आणि रत्नागिरी यांचे नाते मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. मुंबईत १८६३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाच्या व्यापारी कंपनीला थिबाच्या दरबाराने दंड ठोठावला आणि तोच १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. राज्य गेले, राजा रत्नागिरीला स्थानबद्ध झाला आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२० मध्ये, याच कंपनीच्या चाकरीत एक तेवीस वर्षांचा इंग्रज तरुण दाखल झाला. त्याचे नाव जेम्स हॉवर्ड विल्यम्स. पुढे जग त्याला ‘एलिफंट बिल’ या नावाने ओळखू लागले.

विल्यम्स यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८९७ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉल परगण्यात सेंट जस्ट या गावी झाला. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. मध्यपूर्वेतील उंटांच्या पथकात त्यांनी काम केले, नंतर खेचरांच्या वाहतुकीची जबाबदारीही सांभाळली. युद्ध संपल्यावर शहरी नोकरीत मन रमेना. ब्रह्मदेशच्या जंगलात हत्तींची देखभाल करणारा माणूस हवा असल्याचे कळताच त्यांनी अर्ज केला आणि चिंदविन नदीच्या परिसरातील घनदाट अरण्यात ते येऊन पोहोचले. हत्तींविषयीचे त्यांचे ज्ञान तेव्हा पुस्तकापुरतेच होते.

सागवान आणि हत्ती

त्या काळी कंपनीकडे सुमारे दोन हजार हत्ती होते. सागाचे ओले लाकूड पाण्यावर तरंगत नाही. म्हणून झाडाच्या बुंध्याभोवतीची साल काढून ते उभेच वाळू दिले जाई आणि काही वर्षांनी तोडले जाई. मग हत्ती ते अवजड ओंडके ओढत, ढकलत कोरड्या ओढ्यांपर्यंत नेत. पावसाळ्यात पूर आला की ओंडके वाहत मोठ्या नदीला मिळत आणि तेथून तराफे बांधून ते रंगूनच्या गिरण्यांकडे जात. जेथे ना रस्ता होता ना यंत्र, तेथे हत्ती हाच या साऱ्या व्यवहाराचा कणा होता.

दिवसाचे काम संपले की माहूत, ज्यांना ब्रह्मदेशात उझी म्हणतात, हत्तीच्या पुढच्या पायांत साखळदंड आणि गळ्यात लाकडी घंटा बांधून त्याला जंगलात चरायला सोडत. पहाटे घंटेच्या आवाजावरून आणि पावलांच्या खुणांवरून त्याचा माग काढला जाई. रात्रीच्या या मोकळ्या वेळेत कामाच्या हत्तिणींची रानटी नरांशी गाठ पडे. त्यातून पिल्ले जन्माला येत. कंपनीच्या हिशेबात पिल्लू म्हणजे आईच्या कामातील खोळंबा होता. विल्यम्स यांना मात्र याच पिल्लांनी हत्तींच्या कुटुंबजीवनाचे दार उघडून दिले.

हत्तिणीचा गर्भकाळ अठरा ते बावीस महिन्यांचा असतो. जन्मतः पिल्लू सुमारे शंभर किलो वजनाचे असले, तरी आईच्या तुलनेत ते अगदीच दुबळे असते. सोंडेचा वापर त्याला शिकावा लागतो, पाय अडखळतात आणि वाघ टपलेला असतो. बाळंतपणाच्या आधीपासूनच हत्तीण कळपातील दुसऱ्या एका मादीशी सख्य जोडते, हे विल्यम्स यांनी वारंवार पाहिले. ही सखी पिल्लाची मावशी होते. चरताना, चालताना आणि विश्रांती घेताना दोघी पिल्लाला मध्ये घेतात. पिल्लू किंचाळले की आईच्या बरोबरीने मावशीही धावते. पाठीवर वाघाच्या पंजाचे ओरखडे घेऊन जगलेले हत्ती त्यांनी तपासले होते. त्यांचे प्राण कोणी वाचवले असतील, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

मा श्वे आणि तिचे पिल्लू

विल्यम्स यांच्या आठवणींतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग वरच्या टाँगडविन नदीच्या काठचा आहे. पावसाळ्यातील एका संध्याकाळी नदीला अचानक लोंढा आला. ओंडक्यांच्या गडगडाटाची वाट पाहत असलेल्या विल्यम्स यांच्या कानी हत्तीची घाबरलेली गर्जना आली. धावत काठावर गेले, तर मा श्वे नावाची हत्तीण आपल्या तीन महिन्यांच्या पिल्लासह पुरात सापडली होती. श्वे म्हणजे सोने. दोन्ही बाजूंनी बारा ते पंधरा फूट उंच खडकाळ काठ होते आणि पाणी क्षणाक्षणाला चढत होते. मा श्वेचे पाय अजून तळाला टेकत होते. पिल्लू मात्र बुचासारखे तरंगत होते आणि जिवाच्या आकांताने ओरडत होते.

प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभे राहण्याऐवजी मा श्वे खालच्या बाजूला उभी होती. पाण्याचा रेटा पिल्लाला तिच्याच अंगावर दाबून धरत होता. मध्येच एका लाटेने पिल्लू तिच्या अंगावरून पलीकडे फेकले. ती त्यामागे झेपावली, पन्नासएक यार्ड वाहत गेली, सोंडेने त्याला पकडले आणि डोक्याने काठाच्या खडकाशी दाबून धरले. मग सारे बळ एकवटून तिने पिल्लाला सोंडेत उचलले, मागच्या पायांवर अर्धवट उभी राहिली आणि पाण्याच्या पातळीपासून पाचएक फूट उंचीवरील एका अरुंद कपारीत त्याला ठेवले. त्याच क्षणी तिचा तोल गेला आणि लोंढ्याने तिला ओढून नेले. पुढे अवघ्या तीनशे यार्डांवर नदी एका भयंकर घळईत कोसळत होती. त्याआधी काठ चढण्याजोगी एकच जागा होती आणि ती पलीकडच्या तीरावर.

पिल्लू कपारीला चिकटून थरथरत उभे होते. वरच्या काठावरून ते दिसत होते, पण वर काढणे अशक्य होते. वरून डोकावणारी माणसे पाहून घाबरून ते पुन्हा पाण्यात पडेल, या भीतीने विल्यम्स मागे सरले. सुमारे अर्ध्या तासाने पलीकडच्या तीरावरून गर्जना ऐकू आली. मा श्वे वाचली होती. ती काठाने धावत, सारखी साद घालत परत येत होती. तो आवाज कानी पडताच पिल्लाचे कान पुढे झाले. पिल्लू जागच्या जागी सुखरूप दिसले, तेव्हा त्या गर्जनेचे रूपांतर एका खोल, तृप्त घुमण्यात झाले. हत्ती समाधानी असला की छातीतून जो गुरगुराट काढतो, तोच हा आवाज होता. अंधार पडला, पावसाची झड लागली आणि रात्रभर दोघे दोन तीरांवर राहिले. पहाटे पूर ओसरला होता आणि मा श्वे पिल्लाजवळ पोहोचलेली होती.

ताटातुटीचा प्रश्न

या अनुभवांनी विल्यम्स यांच्या कामाला वेगळी दिशा दिली. वाढलेला रानटी हत्ती पकडून, उपाशी ठेवून आणि मारझोड करून त्याला वठणीवर आणण्याची रूढ पद्धत त्यांना क्रूर वाटे. पो टोके नावाच्या एका कुशल ब्रह्मी हत्तीतज्ज्ञाने बंदूला नावाच्या नराला पिल्लू असल्यापासून प्रेमाने वाढवून शिकवले होते. योगायोग असा, की बंदूलाचा जन्मही विल्यम्स यांच्याप्रमाणेच १८९७ चा. इंग्रजांशी लढलेल्या महाबंदूला या ब्रह्मी सेनापतीचे नाव त्याला देण्यात आले होते. पो टोके यांच्याकडून धडा घेऊन विल्यम्स यांनी कंपनीच्या छावण्यांत जन्मलेल्या पिल्लांसाठी शाळा आणि आजारी हत्तींसाठी रुग्णालय सुरू केले. पिल्लू पाच वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राही. त्यानंतर लाकडी चौकटीत घेऊन, केळी आणि गोंजारणे यांच्या आधाराने त्याला पाठीवर माणूस बसू देण्याची सवय लावली जाई.

ही सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. पण त्या चौकटीत कोंडलेले पिल्लूही आरडाओरडा करीत असे आणि त्या हाकेला ओ देण्याची मुभा आईला नव्हती. ज्या माणसाने मा श्वेची साद ऐकली, तोच माणूस ही ताटातूट ठरवून करीत होता. कंपनीचा नोकर आणि हत्तींचा मित्र या दोन भूमिकांतील हे अंतर विल्यम्स यांना अखेरपर्यंत पूर्णपणे मिटवता आले नाही. त्यांचे मोठेपण मान्य करताना हेही नोंदवायला हवे.

युद्ध आणि उभा कडा

१९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या. कंपनीतील कुटुंबांना मणिपूरमार्गे भारतात पोहोचवण्यासाठी हत्ती वापरले गेले. विल्यम्स यांची पत्नी सूझन आणि मुलगाही त्यांत होते. पुढे जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात विल्यम्स हत्तींचे सल्लागार झाले आणि त्यांच्या हत्तींनी जंगलात असंख्य लाकडी पूल उभारले.

एप्रिल १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळवर चालून आले, तेव्हा हत्ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून विल्यम्स त्यांना घेऊन पश्चिमेला आसामच्या काछाड भागाकडे निघाले. ४५ मोठे हत्ती, ८ पिल्ले, माहूत व त्यांचे मदतनीस, करेन सैनिक आणि ६४ गुरखा स्त्रिया व मुले असा तो तांडा होता. नकाशावर वाट नव्हती. वाटेत एका उभ्या कड्याने रस्ता रोखला. माणसांनी वालुकाश्मात हत्तीचे पाऊल मावेल अशा पायऱ्या खोदल्या. सर्वांत पुढे पो टोके यांच्या देखरेखीखाली बंदूला चढला. त्याने पाऊल टाकले, म्हणून मागचे हत्ती त्यामागे आले, आयांमागून पिल्लेही आली. सारा तांडा बालाधन चहामळ्यावर सुखरूप पोहोचला. बंदूलाचा शेवट मात्र दुर्दैवी झाला. १९४५ मध्ये तो गोळी घालून मारलेला आढळला. त्याचा एक सुळा कापून नेलेला होता.

युद्धकामगिरीबद्दल विल्यम्स यांना ब्रिटिश सरकारचा ‘ओबीई’ हा किताब मिळाला. १९४६ मध्ये ते कॉर्नवॉलला परतले. १९५० मध्ये ‘एलिफंट बिल’ हे त्यांचे पुस्तक फील्ड मार्शल स्लिम यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले आणि अमाप गाजले. बंदूलावरील पुस्तक १९५३ मध्ये आले. ३० जुलै १९५८ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी विल्यम्स यांचे निधन झाले.

कानांनी ऐकलेले, यंत्रांनी टिपलेले

त्यांच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी, १९८४ मध्ये, अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात कॅटी पेन या संशोधिकेला आशियाई हत्तींजवळ उभे असताना हवेत एक अनाम थरथर जाणवली. हत्तींच्या घुमण्याचा काही भाग माणसाच्या श्रवणमर्यादेच्या खाली, २० हर्ट्झपेक्षाही कमी कंपनांचा असतो, हे त्यातून सिद्ध झाले. असा ध्वनी जंगलातून कित्येक किलोमीटर जाऊ शकतो. विल्यम्स यांनी ऐकली ती मा श्वेच्या सादेची माणसाला ऐकू येणारी बाजू होती. पिल्लाला त्याहून अधिक काही ऐकू आले असणे शक्य आहे.

केनियातील अंबोसेली उद्यानात जॉयस पूल, फिलिस ली आदी संशोधकांनी आफ्रिकी हत्तींच्या कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. पिल्लू ओरडताच आई, बहिणी, मावश्या कान पसरून धावत येतात, त्याच्याभोवती कडे करतात, सोंडेने त्याला चाचपतात आणि घुमत राहतात, असे त्यांना आढळले. व्हिएन्नाच्या आंगेला श्टोगर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पिल्लांच्या आक्रोशाचे विश्लेषण केले. पिल्लू किती व्याकूळ आहे, हे त्याच्या ओरडण्याच्या पोतातूनच उमगते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१४ मध्ये जोशुआ प्लॉटनिक आणि फ्रान्स द वाल यांनी थायलंडमधील २६ आशियाई हत्तींच्या निरीक्षणातून दाखवले, की एखादा हत्ती भेदरला की इतर हत्ती जवळ येऊन सोंडेने त्याच्या अंगाला व तोंडाला स्पर्श करतात आणि विशिष्ट आवाज काढून त्याला दिलासा देतात. विल्यम्स यांच्या मावशीची ही शास्त्रीय साक्ष म्हणता येईल. भारतातूनही अशी नोंद आहे. परवीन कासवान आणि आकाशदीप रॉय यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर बंगालच्या चहामळ्यांतील पाच घटना आहेत. तेथे हत्तींनी आपली मृत पिल्ले पाटाच्या चरांत नेऊन मातीने झाकली होती.

महाराष्ट्राला हा विषय आता परका राहिलेला नाही. २००२ पासून कर्नाटकातून सिंधुदुर्गात आणि २०२१ पासून छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत हत्ती येऊ लागले आहेत. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि त्याचा रोषही खरा आहे. पण विहिरीत किंवा चरात पिल्लू अडकते, त्याच्या ओरडण्याने माणसांची गर्दी जमते आणि कळप धावून येतो, तेव्हा तो हल्ला नसतो, ते पिल्लाच्या हाकेला दिलेले उत्तर असते. अशा वेळी पहिले काम वनखात्याला कळवण्याचे आणि दुसरे मागे सरण्याचे. टाँगडविनच्या काठावर हत्तींच्या त्या जाणकारानेही नेमके हेच केले होते. तो मागे सरला, कपारीकडे जाणारी वाट त्याने मोकळी ठेवली आणि मा श्वे परत आली.