इवान म्युलर आणि पत्तीचा बंद

ज्यांनीं राज्यें मिळविलीं अथवा नवे देश शोधून काढिले अशा पुरुषांचीं चरित्रें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आज आम्ही ज्याचें चरित्र सांगणार आहों त्यानें राज्य मिळविलें नाहीं, कीं द्रव्यही सांठविलें नाहीं. त्यानें एक वाद्य सुधारिलें, आणि त्या वाद्याच्या तोंडाशीं असणारा दोन बोटें रुंदीचा बंद बदलून टाकिला. तथापि जगांत जेथें जेथें क्लॅरिओनेट वाजतें तेथें तेथें त्याच्या बुद्धीचा कांहीं तरी अंश वादकाच्या हातीं असतो. ह्या पुरुषाचें नांव इवान म्युलर.

लग्नाच्या वरातींत किंवा कवायतीच्या मैदानावर बॅंड ऐकिला नाहीं असा वाचक विरळा. त्या बॅंडांत काळ्या रंगाचें, चकचकीत चाव्यांचें, सुमारें दीड हात लांबीचें जें वाद्य गोड व भरदार सुरांत चाल वाजवितें तेंच क्लॅरिओनेट. आपल्या सनईशीं त्याचें कांहींसें साम्य आहे, पण भेदही आहे. सनईच्या तोंडाशीं पत्तीच्या दोन पात्या समोरासमोर असतात व ती पत्ती दोऱ्यानें बांधितात. क्लॅरिओनेटास पातें एकच असतें. बोरूसारख्या एका जातीच्या नळापासून हें पातें, म्हणजे पत्ती, तासून करितात व माउथपीसच्या सपाट बाजूवर बसवितात. फुंकर घातली कीं पत्तीचें पातळ टोंक थरथरूं लागतें, व त्या थरथरण्यापासूनच सूर उत्पन्न होतो. म्हणून पत्ती हा ह्या वाद्याचा कंठच होय. तो कंठ जागच्या जागीं धरावा परंतु दाबूं नये, हें नाजूक काम ज्याच्याकडे असतें त्यास लिगेचर किंवा बंद म्हणतात.

म्युलरचा जन्म ता. १४ डिसेंबर १७८६ रोजीं बाल्टिक समुद्राच्या कांठीं रेवल ह्या शहरीं झाला. तें शहर त्या वेळीं रशियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होतें. आज त्यास टालिन म्हणतात, व तें एस्टोनिया देशाची राजधानी आहे. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारासच म्युलर सेंट पीटर्सबर्ग येथील दरबारी वादकांत गणला जात होता. पुढें ती चाकरी सोडून तो पश्चिमेकडे निघाला, सन १८०९ मध्यें व्हिएन्ना येथें त्यानें आपलें नवें वाद्य लोकांपुढें वाजविलें, व नंतर तो पॅरिस येथें जाऊन राहिला.

त्यानें नवें वाद्य कां केलें हें कळण्यासाठीं जुन्याची अडचण समजली पाहिजे. क्लॅरिओनेट हें वाद्य सुमारें सन १७०० मध्यें न्यूरेंबर्ग येथील डेन्नर नांवाच्या कारागिरानें सिद्ध केलें, असें मानितात. म्युलरच्या तरुणपणीं त्यास बहुधा पांच किंवा सहा चाव्या असत. बांसरींत जोरानें फुंकलें असतां तोच स्वर वरच्या सप्तकांत निघतो. क्लॅरिओनेटमध्यें मात्र तो एक सप्तक ओलांडून आणखी पांचव्या स्वरापर्यंत उडी घेतो. ह्यामुळें मधले स्वर भरून काढण्यास बोटें पुरत नाहींत. शिवाय जुने कारागीर भोंकें पाडीत तीं बोटें जेथें पोंचतील तेथें. स्वराच्या शुद्धतेसाठीं जेथें हवीं तेथें नव्हेत. परिणाम असा होई कीं कांहीं स्वर खणखणीत, कांहीं दबलेले, तर कांहीं सरळ बेसूर निघत. आपल्याकडे बांसरीवाला निरनिराळ्या पट्टींच्या बांसऱ्या जवळ बाळगतो, त्याप्रमाणें क्लॅरिओनेटवाल्यासही तीन लांबींचीं तीन वाद्यें बरोबर वागवावीं लागत.

म्युलरनें तेरा चाव्यांचें वाद्य तयार केलें. भोंकें त्यानें ध्वनिशास्त्राच्या मागणीप्रमाणें पाडिलीं, व जीं बोटांच्या टप्प्याबाहेर गेलीं त्यांवर चाव्या बसविल्या. परंतु चाव्या वाढविणें दिसतें तितकें सोपें नव्हतें. पूर्वीं चावीच्या टोंकास चपट्या कातड्याचा तुकडा लाविलेला असे व त्याच्या कडेनें हवा निसटत असे. चाव्या जितक्या अधिक तितकी गळती अधिक, ह्या भीतीनेंच कारागीर मागें सरत. म्युलरनें मऊ कातड्याच्या आंत लोंकर भरून फुगीर गाद्या केल्या, आणि भोंकांच्या तोंडाशीं त्या नीट टेंकाव्या म्हणून उंच कडा ठेविल्या. गळती थांबली तेव्हांच तेरा चाव्या शक्य झाल्या. मोठी सुधारणा अनेक वेळां अशा एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या गादीवर उभी असते.

पत्तीच्या बंदाकडेही त्याचें असेंच लक्ष गेलें. तोंपर्यंत पत्ती माउथपीसवर ठेवून तीवर दोरा गुंडाळीत. दोरा गुंडाळण्यास वेळ लागे. हात सारखा न पडला तर एका बाजूस ताण अधिक व दुसरीस कमी येई. आणि चालू मैफलींत पत्ती फुटली तर वादकाची मोठी पंचाईत होई. म्युलरनें दोऱ्याच्या जागीं धातूचा पातळ पट्टा आणिला व तो आवळण्यास दोन लहान स्क्रू लाविले. धातूच्या ह्या बंदाचें श्रेय सामान्यतः त्यालाच देतात. आतां पत्ती क्षणांत काढतां येऊं लागली, क्षणांत बसवितां येऊं लागली, आणि ताण हवा तितकाच ठेवितां येऊं लागला. त्याच्या काळीं फ्रान्समध्यें पुष्कळ वादक माउथपीस उलटा धरून पत्ती वरच्या ओंठाकडे ठेवीत. म्युलरनें ती खालच्या ओंठावर ठेवण्याचा पुरस्कार केला, व आज सर्वत्र हीच रीत चालू आहे.

चांगला बंद कोणता, हा प्रश्न आजच्या वादकासही पडतोच. बाजारांत पितळी, चांदीचा मुलामा दिलेले, कातड्याचे व कापडी असे नाना प्रकार मिळतात, आणि कांहींचे स्क्रू पत्तीच्या बाजूस तर कांहींचे उलट बाजूस असतात. आमच्या मतें परीक्षा तीन गोष्टींनीं करावी. पहिली, बंदानें पत्ती दोन्हीं कडांशीं सारखी धरावी. एकाच बाजूस ओढणारा बंद कितीही चकाकणारा असला तरी निरुपयोगी. दुसरी, पत्ती घट्ट बसावी पण तिचें टोंक मोकळें राहावें; बंद फार आवळला तर आवाज कोंडतो, व फार सैल ठेविला तर हवा गळते आणि सूर किंचाळतो. म्हणून वरचा स्क्रू खालच्यापेक्षां किंचित् सैल ठेवण्याची चाल आहे. तिसरी, बंद आपल्या माउथपीसच्या मापास बसणारा असावा. ह्या तीन गोष्टी साधल्यावर एका बंदांत व दुसऱ्यांत जो फरक उरतो तो श्रोत्यांपेक्षां वादकालाच अधिक जाणवतो. त्यासाठीं फार द्रव्य वेंचण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आपली पत्ती चांगली आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें.

आतां म्युलरच्या आयुष्यांतील कठीण प्रसंगाकडे वळूं. एका धनिक दलालाच्या भांडवलावर त्यानें पॅरिस येथें आपलीं वाद्यें तयार करण्याचा कारखाना उभारिला, आणि सन १८१२ मध्यें आपलें वाद्य तेथील प्रख्यात संगीतविद्यालयापुढें परीक्षेस ठेविलें. त्याचा दावा धाडसाचा होता. ह्या एकाच वाद्यावर सर्व पट्ट्या वाजवितां येतात, सबब तीन वाद्यांची गरज उरली नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. परीक्षक कांहीं सामान्य माणसें नव्हतीं. केरुबिनी व मेयुल ह्यांसारखे नामांकित संगीतकार त्यांत होते. त्यांनीं निर्णय म्युलरच्या विरुद्ध दिला. तिन्ही वाद्यांचा आवाज निरनिराळ्या जातीचा आहे, व एकच वाद्य ठेविलें तर संगीतरचनाकार त्या रंगवैचित्र्यास मुकेल, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. ह्या निकालानें म्युलरचा कारखाना बुडाला.

त्या वेळीं म्युलर अवघा पंचविशींतला होता. भांडवल गेलें आणि सर्वांत मोठ्या विद्यालयाचें दार बंद झालें. अशा स्थितींत पुष्कळ माणसें परीक्षकांस दोष देत बसतात. म्युलरनें वाद्य हातीं घेतलें व तो गांवोगांव वाजवीत फिरला. जर्मनी, रशिया, इंग्लंड, स्वित्झर्लंड अशा देशांतून लोकांनीं त्याचें वादन ऐकिलें. सुमारें सन १८२१ मध्यें त्यानें नव्या वाद्याच्या शिक्षणाचें पुस्तकही प्रसिद्ध केलें. जें पंचांपुढें सिद्ध झालें नाहीं तें श्रोत्यांपुढें हळूहळू सिद्ध होऊं लागलें. सन १८३१ मध्यें पॅरिसच्या त्याच विद्यालयांत फ्रेडरिक बेर हा क्लॅरिओनेटचा अध्यापक झाला. तो म्युलरच्या वाद्याचा पुरस्कर्ता होता. ज्या दारांतून म्युलर परत फिरला होता त्याच दारांतून एकोणीस वर्षांनीं त्याचें वाद्य आंत गेलें.

येथें न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं परीक्षकांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. एकच क्लॅरिओनेट सर्वांस पुरेल हें म्युलरचें भाकीत खरें ठरलें नाहीं. आजही मोठ्या वाद्यवृंदांतील वादक निदान दोन वाद्यें बरोबर आणितो, व दोहोंच्या आवाजांत भेद आहे असें मानितो. परीक्षकांची चूक इतकीच कीं दावा अतिरेकी दिसतांच त्यांनीं त्याबरोबर वाद्याचे खरे गुणही टाकून दिले. आणि म्युलरची चूक कदाचित् अशी कीं वाद्याच्या गुणांवर समाधान न मानतां त्यानें त्याकडून सर्वच मागितलें. बंदाच्या बाबतींतही असेंच आहे. धातूचा बंद जगभर पसरला, तरी जर्मनी व ऑस्ट्रिया येथील कित्येक वादक अद्याप दोराच पसंत करितात, व त्यासाठीं त्यांच्या माउथपीसवर बारीक खांचाही पाडिलेल्या असतात. नवें चांगलें असलें म्हणजे जुनें टाकाऊच असतें असें नाहीं.

पुढें क्लोझे व ब्यूफे ह्या दोघांनीं सन १८३९ मध्यें कड्यांच्या चाव्यांचें वाद्य पुढें आणिलें व बहुतेक जगानें तें स्वीकारिलें. तथापि जर्मनींत कार्ल बेअरमान व नंतर ओस्कार ओहलर ह्यांनीं म्युलरच्याच पायावर इमारत चढविली, आणि तें घराणें आजतागायत चालू आहे. तेरा चाव्यांच्याच वंशांतील साध्या पद्धतीचीं क्लॅरिओनेटें इंग्रजी लष्करी बॅंडांत दीर्घकाळ वाजत होतीं. अशा पलटणींच्या बॅंडांचें अनुकरण करीतच आपल्याकडील वरातीचे बॅंड उभे राहिले.

म्युलरचे अखेरचे दिवस जर्मनींतील ब्यूकेबुर्ग ह्या लहान संस्थानी राजधानींत दरबारी वादक म्हणून गेले. तेथेंच ता. ४ फेब्रुवारी १८५४ रोजीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, त्यानें देह ठेविला.

आमच्या विद्यार्थिबंधूंस ह्या चरित्रांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं परीक्षेंतील अपयश हा कामाचा शेवट नव्हे, आणि परीक्षकांचें बोलणेंही शांतपणें ऐकून घेण्यांत कमीपणा नाहीं. ईश्वरानें ज्याच्या हातीं जें लहान काम दिलें असेल तें त्यानें नीट केलें, तर त्याचा उपयोग पुढच्या पिढ्यांस झाल्यावांचून राहत नाहीं.