घराघरांत हसू पोचवणाऱ्या मॅरियनबाई

थोर स्त्रियांची चरित्रे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राण्या, संत स्त्रिया आणि देशसेविका उभ्या राहतात. त्या सर्व वंदनीय आहेतच. परंतु घरातल्या साध्यासुध्या गोष्टींतून ज्या बाईने वीस वर्षांहून अधिक काळ लक्षावधी लोकांना हसवले, तिचीही ओळख आपल्या मंडळातील भगिनींना व्हावी असे मला वाटले. अमेरिकेतील नभोवाणी-नटी मॅरियन जॉर्डन हे तिचे नाव.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मला कळत नाही. माझ्या धाकट्या जावेची मुलगी कॉलेजात शिकते. तिने मोबाइलवर या बाईंच्या कार्यक्रमांची जुनी ध्वनिमुद्रणे लावून, मध्ये मध्ये थांबवून मला अर्थ सांगितला आणि त्यांची माहितीही वाचून दाखवली. त्यावरून जे समजले ते माझ्या शब्दांत मांडते.

मॅरियनबाईंचा जन्म 15 एप्रिल 1898 रोजी इलिनॉय राज्यातील पिओरिया या गावी झाला. माहेरचे आडनाव ड्रिस्कॉल. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. तेरा भावंडांत यांचा नंबर बारावा! एवढ्या खटल्याच्या घरात लाड कुणी करायचे? परंतु मुलीच्या गळ्यात गाणे होते आणि बोटांत पियानो होता. चर्चमधील गायनवृंदात त्या गात असत. तेथेच जिम जॉर्डन या शेतकऱ्याच्या मुलाशी त्यांची ओळख झाली. गाण्यावर पोट भरू पाहणारा जावई आईवडिलांच्या मनास येईना. तेव्हा जिमने काही काळ टपाल वाटण्याची नोकरी धरली. मॅरियनबाई पियानोच्या शिकवण्या करीत. अखेर 31 ऑगस्ट 1918 रोजी लग्न लागले आणि अवघ्या पाच दिवसांत नवरदेवाला लष्कराचे बोलावणे आले. पहिल्या महायुद्धाचे ते शेवटचे दिवस होते. यजमान फ्रान्सला गेले, तेथे इन्फ्लुएंझाने आजारी पडले आणि पुढच्या वर्षी सुखरूप परतले.

पुढे 1920 साली मुलगी व 1923 साली मुलगा झाला. यजमानांनी विम्याचे काम पाहिले, दारोदार माल विकला, मजुरीही केली. उभयतांनी गावोगाव फिरून नाट्यगृहांतून गाण्याचे कार्यक्रम केले. त्यात जवळची पुंजी संपली आणि परतीच्या भाड्यासाठी घरून पैसे मागवण्याची पाळी आली. हा प्रसंग वाचताना माझा जीव कळवळला. पदरात मूल आणि हाती पैसा नाही, हे ज्या बाईने सोसले आहे तिलाच त्यातले खरे दुःख कळेल.

1924 च्या सुमारास ही दोघे शिकागोला जिमच्या भावाकडे उतरली होती. नभोवाणीवर कुणाचे तरी गाणे चालले होते. याहून बरे आम्ही गाऊ, असे जिम बोलून गेला. भावाने दहा डॉलरची पैज लावली. दोघे तशीच उठून केंद्रावर गेली, गायली आणि काम मिळवून परत आली. पुढे गाण्याच्या जोडीला विनोदी संवाद आले. डॉन क्विन नावाचे लेखक त्यांना लाभले. 1931 साली या तिघांनी एका वाण्याच्या दुकानावर कार्यक्रम सुरू केला. दुकानात मागाल ती वस्तू नेमकी संपलेली, पण दुकानदाराच्या गप्पा मात्र कधी संपत नाहीत, असा त्याचा मासला होता.

त्यातूनच 16 एप्रिल 1935 रोजी फिबर मॅकगी अँड मॉली हा कार्यक्रम सुरू झाला. लादीला आणि लाकडाला लावायचे मेण विकणाऱ्या जॉन्सन कंपनीने त्याचा खर्च उचलला. फिबर म्हणजे थापाड्या. हा गृहस्थ नोकरीधंदा काही करीत नाही, मोठ्या बढाया मारतो, नाही ते उद्योग अंगावर घेतो आणि तोंडघशी पडतो. त्याची बायको मॉली हे काम मॅरियनबाईंचे. नवऱ्याची थाप तिला पहिल्या शब्दातच कळते; पण चारचौघांत ती त्याचा पाणउतारा करीत नाही. एखादा विनोद फसला तर एवढ्याच सुरात सांगते की हसू काही आले नाही हो! शेजारीपाजारी येतात, भांडतात, पुन्हा येतात. टीनी नावाची एक चौकस पोर फिबरला प्रश्न विचारून भंडावून सोडते. तिचा आवाजही मॅरियनबाईच काढीत. त्यामुळे टीनी आली की मॉली हटकून कुठेतरी कामाला गेलेली असे!

या घरातले सामानाचे कपाट तर फारच गाजले. मार्च 1940 मध्ये ते प्रथम उघडले. दार उघडताच आतला सारा पसारा धडाधड अंगावर कोसळे आणि शेवटी एक बारीकशी घंटी किणकिणे. नभोवाणीवर दिसत तर काही नाही. आवाज करणारा माणूस खरोखरीच डबे-भांड्यांचा ढीग पायऱ्यांवरून खाली ढकलीत असे. ऐकणाऱ्या प्रत्येक गृहिणीला आपापले कपाट आठवे. मला आमचा माळा आठवला. आपल्याकडे आकाशवाणीवर पुन्हा प्रपंच लागत असे, त्यातले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी ज्यांना आठवतात, त्यांना या गमतीची जात वेगळी सांगायला नको.

परंतु मी हा लेख लिहिला तो खरे म्हणजे पुढील हकिकतीसाठी. 1937 च्या अखेरीस मॅरियनबाई कार्यक्रमातून दिसेनाशा झाल्या. प्रकृती बरी नाही, एवढेच बाहेर सांगण्यात आले. खरे दुखणे दारूचे होते, आणि त्यांनी त्यावर शिकागोजवळ उपचार घेतले. आपल्याकडे बाईचे साधे दुखणेसुद्धा झाकून ठेवतात. मग असले दुखणे निघाले तर तिला घरात कोण उभे करील? नवरा दारू पितो म्हणून रडणाऱ्या बायका आपण पाहतो. पण बाईलाही हा रोग जडतो, आणि तोही औषधपाण्याने व आधाराने आवरता येतो, हे आपण मनावर घेत नाही.

मॅरियनबाईंच्या माणसांनी काय केले पाहा. कार्यक्रमाच्या नावातून मॉली गेली, पण मॉलीच्या जागी दुसरी नटी उभी केली नाही. मॉली कामानिमित्त बाहेर गेली आहे, अशी काहीतरी सबब सांगून लेखकाने आठवड्यामागून आठवडे ते घर चालवले. सुमारे दीड वर्ष फिबरचे घर असे बायकोवाचून राहिले. 1939 च्या एप्रिलात मॅरियनबाई बऱ्या होऊन परत आल्या आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या. कपाटाची ती प्रसिद्ध गंमत पुढच्या वर्षीची. म्हणजे तेव्हाच त्यांना मोडीत काढले असते, तर तिच्यातली मॉली आपल्याला ऐकू आली नसती.

दुसऱ्या महायुद्धात या कार्यक्रमाने देशाचेही काम केले. 1942 साली अमेरिकेत देशभर पेट्रोलला रेशन लागले. फिबर नेहमीप्रमाणे कुरकुर करी, आणि मॉली त्याला चार शब्द सांगून वळणावर आणी. काळ्या बाजारातल्या मांसाचाही असाच समाचार घेतला गेला. सरकारी पत्रकाने जे साधत नाही ते घरातली बाई हसत हसत साधते, हे तेथेही खरे ठरले.

अर्ध्या तासाचा कार्यक्रम 1953 पर्यंत चालला. नंतर बाईंची प्रकृती खालावली. तरी पंधरा मिनिटांच्या रूपात तो 1956 पर्यंत आणि लहान लहान संवादांच्या रूपात 1959 पर्यंत टिकला. त्याच वर्षी दुसरी नटमंडळी घेऊन तो टेलिव्हिजनवर आणला, पण काही महिन्यांतच बंद पडला. 7 एप्रिल 1961 रोजी कॅन्सरच्या आजाराने मॅरियनबाई कॅलिफोर्नियात निवर्तल्या. त्रेसष्टावा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता. यजमान पुढे 1988 पर्यंत हयात होते.

असो. चरित्र वाचून घडी घालून ठेवण्यापेक्षा त्यातले थोडे आपल्या उपयोगी पडावे, म्हणून वर्धापनदिनी मंडळापुढे एक विनंती ठेवते. दुखण्यामुळे, मनाच्या आजारामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे ज्या भगिनी महिनोन् महिने येऊ शकत नाहीत, त्यांची नावे पटावरून कमी करू नयेत. भजनात त्यांची जागा राखावी, हळदीकुंकवाचे बोलावणे न चुकता पाठवावे, आणि त्या परत येतील त्या दिवशी कुठे होतात एवढे दिवस, असे कुणी विचारू नये. सरकून बसायला जागा द्यावी.