गोपाळबाबा वलंगकर : शिपाईगिरीकडून लेखणीकडे

थोर पुरुषांच्या मालिकेत या वर्षी आम्ही गोपाळबाबा वलंगकर यांचे अल्पचरित्र सादर करीत आहोत. कोकणातील या पुरुषाचा आमच्या औशाशी प्रत्यक्ष संबंध आला नाही. त्यांच्या हयातीत हा मुलूख निजामी अमलाखाली होता; मुंबई इलाख्यातील पलटणी आणि वृत्तपत्रे आमच्या वाडवडिलांना दूरची होती. त्यामुळे डॉ. बाबासाहेबांचे नाव घरोघरी असले तरी त्यांच्या आधी ज्यांनी वाट पाडली त्यांची ओळख आमच्याकडे बेताचीच राहिली. ही उणीव अंशतः तरी दूर व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

गोपाळबाबांचा जन्म महाडजवळच्या रावढळ या गावचा. महार समाजातील अनेक तरुणांप्रमाणे त्यांनी लष्करात नोकरी धरली. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव येथे झालेल्या लढाईच्या स्तंभावर आमच्या समाजातील शिपायांची नावे कोरलेली आहेत, ती याच परंपरेतील होत. पलटणीने आमच्या लोकांना केवळ पगार व पेन्शन दिले असे नव्हे. तेथील शाळांतून शिपायांना व त्यांच्या मुलांना अक्षरओळख झाली. गावात ज्याला पाटीला हात लावण्याची सोय नव्हती, तो छावणीत वाचू-लिहू लागला. गोपाळबाबांच्या पुढील आयुष्याचे मर्म या एका गोष्टीत आहे.

1886 साली ते निवृत्त झाले व दापोलीस राहू लागले. तेथे पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती होती. पेन्शन घेऊन स्वस्थ बसण्यास कोणी त्यांना नावे ठेवली नसती. परंतु महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता, आणि समाजाची बाजू जगापुढे मांडणारा कोणी नाही हे त्यांना दिसत होते. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले. आजच्या भाषेत ज्याला जनसंपर्क म्हणतात, तेच हे काम होय. फरक इतकाच की त्यांना नेमणारे कोणी नव्हते आणि वेतनही नव्हते. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहीत राहिले. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली व तीत अस्पृश्यतेला आधार तरी कोणता, असे प्रश्न उच्चवर्णीयांपुढे ठेवले. अनार्य दोषपरिहारक मंडळी ही संस्थाही त्यांनी उभारली. आम्ही येथील मूळचे लोक, अशी त्यांची भूमिका होती. ‘अनार्य’ हे नाव त्यांनी लाजेने नव्हे, अभिमानाने घेतले.

पुढे एक मोठे संकट आले. लढाऊ जातींचे नवे तत्त्व सरकारने उचलून धरले आणि 1890 नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद पडली. ज्या दाराने विद्या व मान घरात आला, तेच दार मिटले. गोपाळबाबांनी 1894 साली लष्करी अधिकाऱ्यांस उद्देशून विनंतीपत्र तयार केले. समाजाची पूर्वपीठिका व त्याने बजावलेली चाकरी त्यात मांडून भरती पुन्हा खुली करावी अशी मागणी केली. त्यांच्या हयातीत ती फळास आली नाही.

1895 साली सरकारने त्यांस महाडच्या लोकल बोर्डावर नेमले. त्यांच्या शेजारी बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. ज्याच्या शिपाईगिरीवर सरकार विसंबले, त्याच्या खुर्चीस मात्र विटाळ मानला गेला. 1900 साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे कार्य निष्फळ झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. भरतीचा प्रश्न पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे चालविला. पहिल्या महायुद्धात 1917 साली महारांची पलटण उभी राहिली. ती 1921 साली मोडली गेली, तरी 1941 साली महार रेजिमेंट स्थापन झाली. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. आणि ज्या महाडात गोपाळबाबांच्या खुर्चीवरून वाद माजला, त्याच महाडात 20 मार्च 1927 रोजी हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. या प्रत्येक गोष्टीत गोपाळबाबांनी पेरलेले काही ना काही आहे.

आमच्या सभासद कुटुंबांस एकच विनंती. गोपाळबाबांचे नाव राहिले ते त्यांनी लिहून ठेवले म्हणून. आपल्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी कागदपत्रे, पलटणीचे दाखले, पेन्शनची पुस्तके, पत्रे असतील तर ती रद्दीत घालू नयेत. मुलांस वाचून दाखवावीत. जो समाज आपली हकिकत स्वतः लिहीत नाही, त्याची हकिकत दुसरे लिहितात, आणि ती कशी लिहितात हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. गोपाळबाबांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.