कळसूत्री बाहुल्यांचे कारागीर विष्णुदास भावे

मराठी नाटकाचे जनक म्हणून विष्णुदास भावे ह्यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमीचा दिवस मानला जातो, तो त्यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाच्या १८४३ सालच्या सांगली येथील प्रयोगावरूनच. परंतु हे गृहस्थ लांकडी बाहुल्या घडवून त्या दोरीवर नाचविणारे कसबी कारागीरहि होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आमच्या मतें ती लक्षांत घेतल्यावांचून त्यांच्या नाटकाचा पुरता उलगडा होत नाहीं.

विष्णुपंतांचे वडील अमृतराव हे सांगली संस्थानच्या चाकरींत होते. मुलास लहानपणापासून गोष्टी रचण्याचा व मूर्ति घडविण्याचा नाद. पुढें कर्नाटकांतील भागवत मंडळी सांगलीस आली व तिचे खेळ अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांनीं पाहिले. आमच्या मंद्रूपच्या बाजारांत मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषा एकाच वेळीं कानांवर पडतात. तेव्हां कानडी खेळावरून मराठी खेळ सुचावा ह्याचें आम्हां सीमेवरच्या लोकांस नवल वाटूं नये. त्या खेळांतील ओबडधोबडपणा काढून तसाच सुधारलेला खेळ मराठींत बसवावा, अशी आज्ञा श्रीमंतांनीं विष्णुपंतांस केली.

काम सोपें नव्हतें. रामायणासारखा विस्तीर्ण ग्रंथ एका रात्रींत रंगभूमीवर मावणार कसा? विष्णुपंतांनीं त्यांतील एकच प्रसंग निवडला, त्यावर पदें रचिलीं आणि तीं सगळीं सूत्रधाराच्या मुखीं घातलीं. सूत्रधारानें गावें, पात्रांनीं त्याप्रमाणें हावभाव करावे व मग प्रसंगास अनुसरून आपल्याच शब्दांत भाषण करावें, अशी ती रीत होती. पाहूं गेलें तर ही रीत बाहुल्यांच्या खेळाचीच आहे: गळा एकाचा, अंगविक्षेप दुसऱ्याचे. सूत्रधार हा शब्दच मूळ बाहुल्यांच्या दोरीवरून आला, असें कांहीं पंडित मानतात. तो वाद विद्वानांनीं मिटवावा. विष्णुपंतांच्या बाबतींत मात्र तो शब्द दोन्ही अर्थांनीं खरा ठरतो.

दूर इटलीच्या सिसिली बेटांतहि असाच प्रकार आढळतो. तेथें १९ व्या शतकांत ‘पुपी’ नांवाच्या बाहुल्यांचे खेळ भरभराटीस आले. ह्या बाहुल्यांच्या अंगावर धातूचें चिलखत असतें व त्या लोखंडी सळईनें हालविल्या जातात. आरिओस्तो कवीच्या ‘ओर्लांदो फुरिओसो’ ह्या प्रचंड काव्यांतील साहसकथा त्या खेळांत दाखवितात. लांकडाच्या चेहऱ्यावर मनांतली घालमेल कशी उमटावी? म्हणून खेळ करणारा काव्यांतील तलवारींची झुंज उचलतो आणि बाकीचें आपल्या आवाजावर सोपवितो. सीतास्वयंवराची कथा पाहा. शिवधनुष्य, तें उचलतांना झालेली राजांची फजिती, मग परशुरामाचा क्रोध: सगळा डोळ्यांना दिसणारा व्यवहार. बाहुल्यांसाठीं ह्याहून सोयीची कथा आम्हांस सुचत नाहीं.

१८५१ सालीं श्रीमंत वारले आणि विष्णुपंतांचा आधार तुटला. भल्या घरच्या मुलांनीं तोंडास रंग फांसणें हें त्या काळीं हलकें समजत. त्यांत राजाश्रय गेलेला. तरी न डगमगतां ते मंडळी घेऊन गांवोगांव फिरले. १८५३ सालीं मुंबईस प्रयोग केले व लोकांनीं तिकिटें काढून ते पाहिले. संस्थानिकाच्या वाड्यांतलें नाटक अशा रीतीनें पोटापाण्याचा धंदा झालें. पुढें दहाएक वर्षांत त्यांनीं रंगभूमि सोडली. त्यांच्या पदांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ मध्यें छापून निघाला.

९ ऑगस्ट १९०१ रोजीं विष्णुपंतांचें देहावसान झालें. पदें छापलीं गेल्यामुळें राहिलीं; बाहुल्यांचें मात्र छापखान्यांत रक्षण होत नाहीं. लांकूड किडतें, दोऱ्या कुजतात, आणि हात कसा हालवावा हें एकानें दुसऱ्यास समोर बसवून शिकवावें लागतें. सुदैवानें त्यांच्या हातच्या कांहीं बाहुल्या टिकून होत्या. पुढें २० व्या शतकांत बाहुल्यांचे प्रसिद्ध खेळिये रामदास पाध्ये ह्यांनीं त्या दुरुस्त केल्या आणि त्यांच्याकडून पुन्हां ‘सीतास्वयंवर’ करवून घेतलें.