यंत्रशिल्पी जाक व्होकांसाँ

आज मोठमोठ्या कारखान्यांतून मनुष्याच्या हाताप्रमाणें उचलणारे, वळणारे व जोडणारे यंत्रमानव अहोरात्र राबत असतात. तें पाहून आपणांस आश्चर्य वाटतें. परंतु जड लाकडाला व धातूला सजीवाची हालचाल शिकविण्याचा मनुष्याचा ध्यास फार जुना आहे. अठराव्या शतकांत फ्रान्स देशांत या विद्येंत ज्यानें मोठी कीर्ति मिळविली, त्या जाक व्होकांसाँ याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे. त्यांत बुद्धीचा विजय आहे. तसाच बुद्धीला मिळालेला एक कठोर धडाही आहे.

जाकचा जन्म २४ फेब्रुवारी १७०९ रोजीं ग्रेनोबल शहरीं झाला. वडील हातमोजे करणारे कारागीर असून जाक हें त्यांचें दहावें अपत्य होतें. लहानपणीं आईची वाट पाहत बसला असतां, पेटीच्या फटींतून घड्याळाची चक्रें न्याहाळून त्यानें घरीं लाकडी घड्याळ तयार केलें, अशी आख्यायिका आहे. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेंत शिकून पुढें तो लिआँ शहरीं मिनिम नांवाच्या धर्मसंघांत दाखल झाला. तेथेंही त्याचा यंत्रांचा नाद सुटला नाहीं. जेवणाच्या टेबलावर वाढपाचें काम करणाऱ्या यांत्रिक बाहुल्या त्यानें केल्या. परंतु हा उद्योग अधर्म्य ठरवून वरिष्ठांनीं त्याची कर्मशाळा मोडविली, असें सांगतात. अखेर मठ सोडून तो पॅरिस शहरीं आला आणि यंत्रशास्त्राबरोबर शरीररचनेचाही अभ्यास करूं लागला.

पॅरिसमधील त्विलरी उद्यानांत बांसरीवाल्याचा एक संगमरवरी पुतळा होता. तशीच मूर्ति खरोखर बांसरी वाजवील तर, ही कल्पना जाकच्या मनानें घेतली. मध्यंतरीं दीर्घ आजार आला; तरी त्यानें हा ध्यास सोडला नाहीं. १७३८ सालीं मनुष्याएवढ्या उंचीचा त्याचा यांत्रिक वादक लोकांसमोर आला. आंत खुंट्या बसविलेला रूळ फिरे. त्या खुंट्यांनीं तरफा हालत. नऊ भाते कमीअधिक जोरानें वारा पुरवीत. ओठ उघडत, मिटत, पुढें-मागें सरत. जीभ वारा अडवी व सोडी. आणि कातडें लावलेलीं बोटें बांसरीचीं छिद्रें झांकीत. अशा रीतीनें तो बारा चाली वाजवीत असे. आंत वाद्यपेटी लपविली असावी, असा कित्येकांस संशय आला. पण फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें परीक्षा करून बांसरी खरोखरच त्या मूर्तीच्या फुंकरीनें वाजते असा निर्वाळा दिला. श्वास किती जोराचा असतां कोणता स्वर निघतो, याचें बारीक संशोधन त्या करमणुकीच्या मुळाशीं होतें.

पुढें त्यानें तांब्याचें एक बदक केलें. तें पंख फडफडवी, पाणी पिई, दाणे गिळी आणि कांहीं वेळानें विष्ठाही टाकी! या बदकाची कीर्ति युरोपभर पसरली. तथापि दाणे पचतात हा केवळ देखावा होता. गिळलेले दाणे एका ठिकाणीं राहत व आधींच भरून ठेवलेला पदार्थ दुसरीकडून बाहेर पडे. बांसरीवाल्याच्या बाबतींत अकादमीच्या कसोटीस उतरलेल्या या शास्त्रज्ञानें येथें टाळ्यांसाठीं युक्तीचा आश्रय केला, हेंही चरित्रकारानें लपवूं नये.

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक यानें त्यास आपल्या दरबारीं बोलाविलें. पण तो मायदेश सोडून गेला नाहीं. १७४१ सालीं राजमंत्री कार्डिनल फ्लरी यानें त्याला रेशमाच्या कारखान्यांचा निरीक्षक नेमलें. करमणुकीची विद्या आतां देशाच्या उद्योगास लागणार होती. लिआँ हें रेशमाचें माहेरघर. तेथील धंद्यासाठीं व्होकांसाँच्या सल्ल्यानें १७४४ सालीं नवे नियम निघाले. पण ते धनिक व्यापाऱ्यांच्या सोयीचे व हातमागावर पोट भरणाऱ्या विणकरांच्या मुळावर येणारे होते. सारें शहर खवळून उठलें. विणकरांनीं त्याच्यावर दगडफेक केली आणि भिक्षूचा वेष घेऊन त्याला रातोरात पळ काढावा लागला. नियम तात्पुरते मागें घेतले गेले; पुढल्या वर्षीं सैन्याच्या बळावर ते पुन्हा लादण्यांत आले.

त्यानंतर लवकरच त्यानें आपला स्वयंचलित माग सिद्ध केला. नक्षीचें कापड विणतांना ताण्याचे ठराविक धागे उचलण्यासाठीं विणकराजवळ एक मदतनीस, बहुधा पोरवयाचा, सारखे दोर ओढीत असे. भोकें पाडलेल्या कागदानें धागे निवडण्याची युक्ति बूशाँ व फाल्काँ यांनीं पूर्वींच काढली होती. व्होकांसाँ यानें ती यंत्रणा मागाच्या माथ्यावर बसविली व छिद्रित कागद रुळावर चढवून मदतनिसाची गरजच नाहींशी केली. परंतु त्याच्या हयातींत हा माग प्रचारांत आला नाहीं. धातु कातण्यासाठीं हत्यार घट्ट धरून सरकविणारी बैठक असलेली भक्कम लोखंडी लेथही त्यानें घडविली.

पॅरिसमधील मोर्तान्य वाड्यांत त्यानें यंत्रांचा मोठा संग्रह जमविला व मरणापूर्वीं तो राजास अर्पण केला. २१ नोव्हेंबर १७८२ रोजीं तो निवर्तला. राज्यक्रांतीच्या काळांत, १७९४ सालीं, पॅरिसमध्यें कला व उद्योग यांचें राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें, तेव्हां या संग्रहास तेथें स्थान मिळालें. तेथेंच विणकराचा मुलगा जोसेफ मारी जॅकार्ड यानें तो विस्मृत माग पाहिला आणि १८०४ च्या सुमारास आपला प्रसिद्ध माग तयार केला. जॅकार्डच्या छिद्रित पुठ्ठ्यांची कल्पना पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यांत घेतली. आजच्या संगणकाच्या इतिहासांत त्या आराखड्याला मानाचें स्थान आहे.

ज्या बाहुल्यांना राजेरजवाड्यांनीं टाळ्या दिल्या, तो वादक व तें बदक काळाच्या ओघांत नष्ट झालीं. ज्या उद्योगापायीं दगड खावे लागले, त्यांतील माग मात्र आजही पॅरिसच्या संग्रहालयांत उभा आहे. विणकर अडाणी होते म्हणून त्यांनीं दगड उचलले, असें म्हणणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नाहीं. त्यांच्या भाकरीचा निर्णय त्यांना न विचारतां झाला होता. ज्यानें बांसरीवाल्याचा श्वास इतक्या काळजीनें मोजला, त्यानें विणकराचा सुस्कारा ऐकला असता, तर त्याच्या बुद्धीचें चीज त्याच्या डोळ्यांदेखत झालें असतें. विज्ञानाची वाट धरूं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं व्होकांसाँची चिकाटी घ्यावी, संग्रह लोकांच्या हातीं पोंचवणारी त्याची दूरदृष्टि घ्यावी, आणि यंत्र ज्यांच्या घरांत शिरणार आहे त्या घरांतील माणसांचा विचार आधीं करावा.