नानांची गाडी आणि माझे डबे

मला डबे जमवायचा नाद आहे. जेवणाचे नव्हे, रेल्वेचे! हॉस्टेलवर हे कळलं तेव्हा सगळ्या मुली खूप हसल्या. आता सवय झाली आहे. मेसमधून येताना एखादी रिकामं खोकं घेऊन येते आणि विचारते, हे चालेल का तुझ्या गाडीला?

सुरुवात एका डोम कारने झाली. दहावीत असताना मामाने अमेरिकेतून एक जुना डबा आणून दिला, वितीएवढा. छतावर मधोमध काचेचा फुगवटा आणि त्याखाली इवल्या खुर्च्या. खऱ्या डब्याची गोष्टही छान आहे. १९४४ मध्ये जनरल मोटर्सचे एक अधिकारी, सायरस ऑसबर्न, कोलोरॅडोच्या डोंगरातून डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये बसून चालले होते. समोरची दरी बघून त्यांना वाटलं की हा देखावा फक्त ड्रायव्हरलाच का दिसावा? पुढच्याच वर्षी बर्लिंग्टन रेल्वेने एक साधा डबा कापून त्याला काचेचा घुमट बसवला आणि त्याचं नाव ठेवलं सिल्व्हर डोम.

आपल्याकडे मुंबई-मडगाव गाडीला २०१७ मध्ये व्हिस्टाडोम डबा लागला, २०२१ मध्ये डेक्कन एक्स्प्रेसला. त्याचं छत काचेचं आहे पण घुमट नाही, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. विकतचे मॉडेल आपल्या खिशाबाहेरचे, त्यामुळे व्हिस्टाडोम मी माउंट बोर्ड आणि ओएचपीच्या पारदर्शक शीटमधून केला. तिसरा डबा आमच्या शकुंतलेचा. लहानपणी आबाजींसोबत अचलपूरहून मूर्तिजापूरला मी त्या गाडीने गेले आहे. आता ती बंद आहे. १:८७ या मापात शकुंतलेचा ७६२ मिलिमीटरचा रूळ पावणेनऊ मिलिमीटरचा होतो आणि ब्रॉडगेजचा १६७६ चा सव्वाएकोणीस. म्हणजे माझे तीन डबे तीन वेगवेगळ्या रुळांवरचे. एकत्र धावणं शक्यच नाही!

गेल्या दिवाळीत रिद्धपूरला गेले तेव्हा तिन्ही डबे ओसरीवर मांडले. आबाजींना आता कमी दिसतं. त्यांनी डबे बोटांनी चाचपले, काचेच्या घुमटावरून अंगठा फिरवला आणि विचारलं की आपल्या देशातली पहिली गाडी कोणी आणली. मी म्हटलं, इंग्रजांनी. ते एवढंच म्हणाले की आणखी वाच.

मला रागच आला. मग लाज वाटली, कारण वाचायला बसले तर मराठी पुस्तकाचं एक पान संपायला मला दहा मिनिटं लागत होती. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे, त्या गावची मी मुलगी, आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे जोडाक्षराशी अडखळते. असो. वाचलं आणि भेटले ते जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे नाना शंकरशेट.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचा. आडनाव मुरकुटे. घराणं दैवज्ञांचं आणि व्यापारात मुरलेलं. वडील शंकरशेट यांनी मुंबईत अमाप पैसा मिळवला. आई लहानपणीच गेली आणि १८२२ मध्ये वडीलही गेले. तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान, आणि डोक्यावर एवढी मोठी पेढी! मला महिन्याचा मेसचा हिशोब जमत नाही.

एवढा पैसा हातात आलेल्या पोराने काय करावं? नाना शाळांच्या मागे लागले. त्याच सुमारास मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी एक मंडळी उभी राहिली, तिच्या कामात ते तरुणपणीच शिरले. १८२७ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन मायदेशी निघाले तेव्हा त्यांच्या नावाने प्राध्यापक नेमण्यासाठी निधी जमवला गेला, त्यातही नाना पुढे होते. पुढे त्यातूनच एल्फिन्स्टन संस्था झाली. मुलींची शाळा काढायची वेळ आली तेव्हा १८४८-४९ च्या सुमारास त्यांनी गिरगावात आपल्याच वाड्यात जागा दिली. मुलीने पाटी हातात घेतली तरी लोक बोटं मोडायचे तो हा काळ.

आता रेल्वे. इंग्लंडमध्ये पहिली आगगाडी सुरू होऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती. १८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी पुढाकार घेऊन मुंबईत इंडियन रेल्वे असोसिएशन स्थापन केली. ती पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे आपल्या जीआयपीत, सामील झाली आणि हे दोघं त्या कंपनीच्या इथल्या दहा संचालकांत आले. बाकीचे सगळे गोरे. १८४९ मध्ये कंपनीला कायद्याने मान्यता मिळाली आणि १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी सुटली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, अंतर ३४ किलोमीटर. इंजिनं तीन: साहिब, सिंध आणि सुलतान. आमच्या मेकॅनिकलच्या मुलांनो, तीन नावं एका दमात म्हणून बघा, पाठ होतात की नाही!

म्हणजे इंग्रजांनी आणली हे खरं, पण अर्धंच. इंजिनं त्यांची, हिशोब आणि फायदाही बराचसा त्यांचाच. तरी गाडी सुटण्याआधी आठ वर्षं एक मराठी माणूस त्या कामामागे होता हे मला विसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

पण मी सगळ्यात जास्त थांबले ते वेगळ्याच पानावर. १८४० पासून नाना सरकारच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर होते. बोर्डाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी हे न्यायाधीश. त्यांचं मत असं की सरकारचा पैसा इंग्रजीतून शिकवण्यावर खर्च व्हावा. १८४७ मध्ये हा वाद फारच पेटला. नानांनी लेखी विरोध नोंदवला. स्वतः उत्तम इंग्रजी जाणणारा, एल्फिन्स्टन संस्था उभारणारा हा माणूस; त्यांना इंग्रजी नको होतं असं मुळीच नाही. सामान्य माणसापर्यंत ज्ञान पोचायचं तर ते त्याच्या भाषेतूनच पोचेल, एवढं त्यांचं म्हणणं. बोर्डावरचे इतर दोन एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूने होते, आणि एक गोराही: कर्नल जर्विस. या जर्विसने १८२० च्या दशकात मुंबईत इंजिनिअर तयार करायची शाळा चालवली होती आणि तिथे गणित मराठी-गुजरातीतून शिकवलं जायचं. त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत केली होती. दोनशे वर्षांपूर्वी, मराठीतून इंजिनिअरिंग!

माझी रूम पार्टनर दर्यापूरकडची, मराठी मीडियमची. थर्मोडायनॅमिक्स मला कळलं ते तिच्यामुळे. एन्ट्रॉपी म्हणजे काय हे तिने मला वऱ्हाडीत, कापसाच्या गंजीवरून समजावलं आणि तो चॅप्टर माझा पक्का झाला. व्हायवात मला चांगले मार्क पडले. ती मात्र पहिल्याच प्रश्नाला इंग्रजी वाक्य जुळवत उभी राहिली आणि वेळ संपली. बॅक लागला तिला. त्या रात्री ती जेवली नाही आणि मला तिच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही. तिचंच शिकवलेलं मी इंग्रजीत म्हणून दाखवलं होतं ना! १८४७ च्या वादात सरकारने मधला मार्ग काढला. खालचं शिक्षण देशी भाषेत राहिलं, वरचं इंग्रजीकडे गेलं. ती वाटणी आमच्या रूम नंबरपर्यंत आली आहे.

नानांचं बाकीचं आयुष्य भराभर सांगते, कारण कामं इतकी आहेत की नुसती यादी होईल. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशनच्या स्थापनेत ते पुढे होते. सोनापूरची स्मशानभूमी हलवायचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी तो हाणून पाडला. १८५७ च्या उठावात हात असल्याचा संशयही त्यांच्यावर आला, पण त्यात काही निघालं नाही. पुढे मुंबई कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ ला ते गेले. त्याआधी दोन वर्षं, १८६३ मध्ये, बोरघाटाची रेल्वे सुरू झालेली त्यांच्या हयातीत झाली. आज व्हिस्टाडोममध्ये मान वर करून लोक बघतात तो हाच घाट. नागपूरला गाडी १८६७ मध्ये पोचली, ते मात्र त्यांना बघायला मिळालं नाही.

संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला त्यांच्या नावाची स्कॉलरशिप मिळते, हे आबाजींना माहीत होतं. मला माहीत असलेली गोष्ट त्यांना माहीत नव्हती, ती अशी की नानांच्या मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाचं काम कागदावरून जमिनीवर येतं आहे. हे सांगितल्यावर आबाजी खूप वेळ हसले. नरखेड-बडनेरा मार्गासाठी आमच्या भागाने किती वाट पाहिली ते त्यांनी पाहिलं आहे.

तर आता १८५३ ची ती गाडी करते आहे. या वेळी १:८७ मध्ये ब्रॉडगेजच, सव्वाएकोणीस मिलिमीटरवर. डब्यांना काचेचं छत नाही, लाकडी पेट्यांसारखे आहेत, दारं बाजूला. जुन्या चित्रांवरून मापं काढायला रूम पार्टनर बसते, तिचा हात ड्रॉइंगमध्ये माझ्याहून सरस आहे. ऑक्टोबरला तिचा पुन्हा व्हायवा आहे. रोज रात्री ती मला मराठीत शिकवते, मी तिच्याकडून तेच इंग्रजीत म्हणवून घेते आणि तोपर्यंत फेव्हिकॉल वाळतो.

चौदापैकी पाच डबे झाले आहेत. सहाव्याच्या चाकांसाठी शर्टाची बटणं हवीत, एकाच मापाची चार. कुणाकडे असतील तर आमच्या रूमवर आणून द्या.